ताणा, ताण आणि टेन्शन

माझा क्लास सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या एका शेडच्या माडीवर आहे. खाली माग खडखडतात, वर मी इंग्रजी शिकवतो. नवीन पोरांना पहिला आठवडा माझं निम्मं बोलणं ऐकू येत नाही. नंतर इतकी सवय होते की लाइट जाऊन खाली शांत झालं, की सगळे एकदम माना वर करून बघतात.

पोलीस उपनिरीक्षकाच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी तिथे येते. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळा मराठी आणि आता ही चौथी भाषा. एकदा सरावाच्या पेपरात ती ‘कॉन्टेक्स्ट’ या शब्दावर अडली. मी म्हटलं, "संदर्भ." ती म्हणाली, "ते पाठ आहे सर. पण संदर्भ म्हणजे तरी काय?"

आता आली का पंचाईत. दोन्ही शब्द मी रोज वापरतो, पण कधी उसवून बघितले नव्हते. त्या रात्री बघितले आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन खाली शेडमध्ये गेलो.

मागावर टॉवेल चढला होता. बीमवरून येणारे उभे धागे म्हणजे ताणा. धोटा इकडून तिकडे पळताना मागे सोडतो तो आडवा धागा म्हणजे बाणा. हे तिला माझ्याकडून शिकायची गरज नव्हती, तिच्या वडिलांचा जन्म त्यातच गेलाय. ताण्यातल्या एका धाग्याकडे बोट दाखवून मी विचारलं, हा फुलातला की काठातला? ती म्हणाली, "शेजारचे धागे बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

झालं. हाच कॉन्टेक्स्ट. इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतून आला. तिथे विणणे या क्रियेला ‘टेक्सेरे’ म्हणतात. विणलेलं ते टेक्स्ट. ‘कॉन’ म्हणजे एकत्र. शेजारच्या शब्दांसोबत विणलेलं असतं म्हणून एका शब्दाचा अर्थ लागतो. आणि आपला संदर्भ? ‘सम्’ म्हणजे एकत्र, ‘दृभ्’ या धातूचा अर्थ गुंफणे. हजारो मैल लांबच्या दोन भाषांनी एकाच गोष्टीला नाव देताना एकच चित्र डोळ्यांपुढे आणलं: एकानं विणलं, दुसऱ्यानं गुंफलं. ग्रंथ हा शब्दही गाठी मारण्यातून, गुंफण्यातून आला आहे. सूत्र म्हणजे तर सरळ दोराच.

टेक्सेरेचं गोत मोठं आहे. टेक्स्टाइल म्हणजे विणलेलं कापड. टेक्श्चर म्हणजे विणीचा पोत. ‘प्री’ म्हणजे पुढे, म्हणून प्रीटेक्स्ट म्हणजे खरं कारण झाकायला पुढ्यात विणलेला पडदा, आपण ज्याला सबब म्हणतो ती. आणि क्लासमध्ये हमखास हशा पिकवणारा शब्द म्हणजे टॉयलेट. विणलेल्या कापडाला लॅटिनमध्ये ‘तेला’, त्याचं फ्रेंचमध्ये झालं ‘त्वाल’, आणि छोट्या कापडाला ‘त्वालेत’. ते नटण्याच्या टेबलावर अंथरायचे. कापडावरून नाव टेबलाला गेलं, टेबलावरून नटण्याला, नटण्यावरून खोलीला, आणि खोलीवरून जिथे पोचलं ते तुम्हाला माहीत आहे.

आता ताण्याकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे. ताणा, ताण, ताणणे हे सगळे संस्कृतच्या ‘तन्’ धातूचे. तंत्र या शब्दाचा जुना अर्थही माग, मागावरचा ताणा असाच आहे. लॅटिनमध्ये याच ‘तन्’चा सख्खा भाऊ आहे ‘तेन्देरे’, अर्थ तोच, ताणणे. त्यातून आला टेन्शन. म्हणजे "टेन्शन घेऊ नको बे" आणि "ताण घेऊ नको बे" यांत भाषांतर असं काही नाहीच, एकाच घराण्यातले दोन चुलत शब्द आहेत.

या तेन्देरेला वेगवेगळे उपसर्ग लावत जा. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, बाहेर ताणलं की एक्स्टेंड, मुदत वाढवणं. ‘इन’ म्हणजे आत, एखाद्या दिशेनं. मन एका दिशेला ताणलं की इंटेंड, इरादा धरणं. ‘कॉन’ एकत्र: दोघे एकमेकांशी ओढाताण करतात ते कंटेंड. ‘प्री’ पुढे: पुढ्यात पडदा ताणला की प्रीटेंड, सोंग आणणं. प्रीटेक्स्टमध्ये पडदा विणला होता, इथे नुसता ताणला. ‘ॲड’ म्हणजे कडे: कुणाकडे मन ताणून धरलं की अटेंड, अटेन्शन. शाळेत "लक्ष दे" म्हणून कान ओढायचे गुरुजी नकळत व्युत्पत्तीच सांगत होते म्हणायचं. टेंडर भरतात, त्यातलं टेंडरही हेच: हात पुढे ताणून देऊ केलेला भाव. मऊ या अर्थाचं टेंडर मात्र लॅटिनच्या ‘तेनेर’ या दुसऱ्याच शब्दातून आलं आहे. दिसायला जुळे, पण आई वेगळी.

मी शिकलो तेव्हा असं कुणी सांगितलं नाही. आमच्या इंग्रजीच्या सरांनी दोनशे पानी वहीत शब्द आणि अर्थ लिहून दिले, रोज वीस पाठ, चुकला की छडी. अटेंड एका पानावर, एक्स्टेंड तिसऱ्या, प्रीटेंड अकराव्या. एकाच घरातली भावंडं, पण त्यांची ओळख करून द्यायची कुणाला सुचली नाही. दहावीनंतर ती वही रद्दीत गेली आणि वहीसोबत शब्दही.

वाईट याचं वाटतं की ही युक्ती मराठी शाळेतल्या पोराला आधीच येत असते. संस्कृत व्याकरणात बावीस उपसर्ग मोजतात, आणि ‘हार’ला ते लावायचा खेळ आपण सगळे शाळेत खेळलोय. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. मूळ धातू एकच, ‘हृ’, नेणे किंवा आणणे. पुढचा उपसर्ग त्याला ओढून कुठल्या कुठे नेतो. आता लॅटिनमध्ये वाहून नेणे म्हणजे ‘पोर्तारे’. बाहेर नेलं ते एक्स्पोर्ट, आत आणलं ते इम्पोर्ट, ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, तो ट्रान्सपोर्ट. ‘री’ म्हणजे परत, बातमी परत घेऊन येतो तो रिपोर्ट. ‘सब’ म्हणजे खालून: खालून भार उचलला की सपोर्ट. स्टेशनवर हमालाला पोर्टर म्हणायचे तेही यातलंच. टॉवेलच्या खोक्यावर ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ छापलेलं माझ्या पोरांनी हजारदा वाचलेलं असतं. त्या खोक्यावर इंग्रजीचा एक अख्खा धडा आहे हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता तुमच्यातला चिकित्सक विचारेल, एक्स्पोर्टमध्ये ‘एक्स’ आहे ते दिसतंय, पण इम्पोर्टमध्ये ‘इन’ कुठे? आणि सपोर्टमध्ये ‘सब’चा बी कुठे गेला?

याचं उत्तर तुमच्या ओठांत आहे. ‘संप’ म्हणा. आता ‘संत’ म्हणा. दोन्हीकडे डोक्यावर टिंब तेच, पण संप म्हणताना ओठ मिटतात, म् येतो. संत म्हणताना जीभ दाताला लागते, न् येतो. पुढे प आला की आधीच ओठ मिटून तयार राहायचं, हा तोंडाचा आळस आहे आणि तो जगभर सारखाच. लॅटिन बोलणाऱ्यांनीही तेच केलं. ‘इन’ पुढे पी आला की ‘इम’ झालं: इम्पोर्ट, इम्पॉसिबल. पुढे टी असेल तर ‘इन’ तसंच राहिलं: इन्टॉलरेबल. आपण दोन्ही उच्चार एका टिंबात झाकले, त्यांनी अक्षरच बदलून लिहिलं. पुढे एल आला तर इल्लीगल, आर आला तर इर्रेग्युलर.

याला मराठीत व्यंजनसंधी म्हणतात आणि त्यावर आपण परीक्षेत गुण मिळवलेले असतात. उत् अधिक लेख, उल्लेख. सत् अधिक जन, सज्जन. पुढच्या व्यंजनानं मागच्याला आपल्यासारखं करून टाकलं. तसंच ॲड अधिक टेंड, अटेंड, म्हणून त्यात टी दोनदा. सब अधिक पोर्ट, सपोर्ट, म्हणून पी दोनदा. कॉन अधिक लेक्ट, कलेक्ट, म्हणून एल दोनदा. इंग्रजी स्पेलिंगमधली ही जोडअक्षरं कुणी छळायला घातलेली नाहीत. संधी झाली, तिची ती खूण राहिली आहे.

‘अकोमोडेट’ शब्दात सी दोन आणि एम दोन असतात. चांगले शिकलेले लोक इथे एक सी नाहीतर एक एम खातात. त्यात ‘ॲड’, ‘कॉन’ आणि माप या अर्थाचा ‘मोड’ असे तीन तुकडे आहेत. ॲडचा डी पुढच्या सीमुळे सी झाला, कॉनचा एन पुढच्या एममुळे एम झाला. दोन सांधे, म्हणून दोन जोड्या. एकदा दिसलं की विसरायची सोयच नाही. आपल्याकडे याचा जुळा भाऊ आहे ‘उज्ज्वल’. उत् अधिक ज्वल, म्हणून ज दोनदा. आणि गावात फिरून बघा, दुकानापासून लग्नपत्रिकेपर्यंत ‘उज्वल’ लिहिलेलं सापडेल. इंग्रज तिकडे एम खातो, आपण इकडे ज खातो.

हाच हिशेब ‘डिस’ला लावा. डिसॲपिअरमध्ये एस एकच, कारण ॲपिअर एसनं सुरू होत नाही. डिससॅटिस्फाइडमध्ये दोन, एक उपसर्गाचा, एक मूळ शब्दाचा. जोडायच्या आधी दोन्ही तुकडे वेगळे लिहायचे, मग चूक होत नाही.

पण हे सगळं इतकं जुळतं कसं? १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स या न्यायाधीशानं एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनमधलं साम्य योगायोगानं येण्यासारखं नाही, त्या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं तो म्हणाला. पुढच्या अभ्यासकांनी ते पक्कं केलं. म्हणून डेंटलमध्ये दंत दिसतो, इग्निशनमध्ये अग्नी, जनरेशनमध्ये जन, आणि ‘इंग्लिश मीडियम’मधल्या मीडियममध्ये आपलाच मध्य. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणजे सप्त, अष्ट, नव, दश. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर खरंच सातवा होता. जंक्शनमध्ये ‘युज्’ आहे, जोडणे, ज्यातून योग आला. कुर्डुवाडी जंक्शनला गाडीची वाट बघत बसलात तर तुम्ही योगातच बसलेले आहात, वेळही तेवढाच जातो.

उपसर्गांतही नाती आहेत. लॅटिन ‘सब’ आणि आपला ‘उप’ एकाच मुळाचे. म्हणून सब-इन्स्पेक्टरचं उपनिरीक्षक होताना काहीच ओढूनताणून करावं लागलं नाही. ‘सुपर’ आणि ‘उपरि’ तसेच. ग्रीकमध्ये त्याच मुळांतून सुपरचा भाऊ ‘हायपर’ झाला आणि सबचा भाऊ ‘हायपो’. डॉक्टर हायपर म्हणाले की काहीतरी वर गेलंय, हायपो म्हणाले की खाली आलंय. आणि इंटर म्हणजे आपलं अंतर्, म्हणून इंटरनॅशनल ते आंतरराष्ट्रीय. इंटरस्टेट बस आंतरराज्यीय, दोन राज्यांमधली. ‘इंट्रा’ असेल तर राज्यांतर्गत. हा फरक माझी पोरं दरवर्षी चुकतात, मराठी शब्द शेजारी ठेवला की चुकत नाहीत.

एक मात्र आहे. तेलुगू आणि कन्नड या कुटुंबातल्या नाहीत, त्यांचं घराणं द्रविड. पण संस्कृत शब्द त्यांनीही भरपूर घेतले, त्यामुळे ‘अनुभव’ फोडून दाखवला की माझ्या तेलुगू पोरांना तो परका वाटत नाही. देवाणघेवाण उलट दिशेनंही झालेली दिसते. ज्या मागावर हे गाव जगलं त्याला तेलुगूत मग्गम म्हणतात, कन्नडमध्ये मग्ग. मराठीत माग. त्यात लॅटिनचा काही संबंध नाही.

आता खड्डे कुठे आहेत ते सांगतो, कारण अर्धवट माहितीवर शब्द फोडायला लागलेलं पोरगं फार धोकादायक असतं.

एकानं अंकल शब्द फोडला: ‘अन’ म्हणजे नाही, मग ‘कल’ नसलेला. वर्ग हसला, पण त्याची चूक समजण्यासारखी होती. आपल्याकडेही अनुत्तीर्ण म्हणजे अन् अधिक उत्तीर्ण, पण अनुकरण म्हणजे अनु अधिक करण. ‘अनु’ दिसला म्हणून एकाच जागी कात्री लावली तर कापड फुकट. अंकल हा लॅटिनच्या ‘अवुन्कुलुस’चा झिजून झालेला तुकडा आहे, आणि त्याचा अर्थ फक्त मामा. काकासाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, तो इंग्रजीत आलाच नाही. तेव्हा शेजारच्या काकांना अंकल म्हणालात तर व्युत्पत्तीनं तुम्ही त्यांना मामा बनवलं.

दुसरा खड्डा ‘इन’चा. त्याचे दोन अर्थ आहेत, आत आणि नाही, आणि शब्दावर कुठेही लिहिलेलं नसतं की यातला कोणता. पुणे-हैदराबाद रस्त्यावर धावणाऱ्या टँकरवर मोठ्या अक्षरात ‘हायली इन्फ्लेमेबल’ असतं. माझ्या एका हुशार विद्यार्थ्यानं अर्थ लावला: अजिबात पेट न घेणारं. तो टँकरजवळ विडी ओढत नव्हता हे नशीब. इथे इन म्हणजे आत, आतून ज्वाळा धरणारं. लोकांचा हा घोटाळा होतो म्हणूनच पुढे ‘फ्लेमेबल’ असा सुटसुटीत शब्द वापरात आणला गेला.

आणि ‘इन्व्हॅल्युएबल’? इथे इन म्हणजे नाही, हे बरोबर. पण अर्थ बिनकिमतीचा, टाकाऊ असा नाही. आपला ‘अमूल्य’ आठवा. ज्याचं मोल करता येत नाही इतकं मोठं. तुकडे दोन्हीकडे सारखे, खोचही सारखी.

नकाराचा उपसर्ग कुणाला कोणता लागतो हेही कानानंच शिकावं लागतं. आपण अशक्य म्हणतो, नापसंत म्हणतो, गैरहजर म्हणतो. ‘अहजर’ कुणी म्हणत नाही, कारण हजर अरबीतून फारसीच्या वाटेनं आला आणि येताना आपला नकारही सोबत घेऊन आला. इंग्रजीतही ‘अन’ त्यांचा घरचा, ‘इन’ लॅटिनचा. शब्द लॅटिनचा तर नकार बहुधा ‘इन’. बहुधा म्हणतोय, कारण अनएबल होतं आणि त्याचंच नाम करायला जावं तर इनॅबिलिटी होतं. तिथे हात जोडायचे.

तिसरा खड्डा देवनागरीनं केलेला. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, हा शब्द सोलापुरात शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. मे १९३० मध्ये इथे तो लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. मार्शल लॉमधला मार्शल हा मार्स या रोमन युद्धदेवाचा, ज्याच्यावरून मार्च महिना आला. एअर मार्शलमधला मार्शल मात्र दुसरा. तो जुन्या जर्मन बोलीतला, मूळ अर्थ घोड्यांची देखभाल करणारा नोकर. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, म्हणून फरक दिसतो. मराठीत लिहिलं की दोघे एकाच वेषात उभे.

आणि कधी कधी फोड बरोबर असूनही अर्थ निसटलेला असतो. मॅन्युफॅक्चर म्हणजे ‘मानुस’, हात, आणि ‘फाकेरे’, करणे. हातानं केलेलं. आज जिथे मालाला माणसाचा हात लागत नाही त्या कारखान्यावर मॅन्युफॅक्चरर अशी पाटी असते. शब्दाच्या हिशेबानं ती हातमागावर असायला हवी.

ही युक्ती कुठे चालतच नाही तेही ऐका. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड घेतलं आणि दरबार, कचेरी, कायदा यांत फ्रेंच शिरली, जी लॅटिनचीच लेक. आपल्याकडे फिर्याद, वकील, जप्ती हे शब्द राज्यकर्त्यांच्या भाषेतून आले तसंच ते. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही पोतीच्या पोती शब्द उचलले. त्यामुळे इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून जास्त शब्द लॅटिन-फ्रेंच वळणाचे आहेत. पण घरात, स्वयंपाकघरात, रस्त्यावर बोलायचे शब्द त्यांचे स्वतःचेच राहिले. गेट अप, पुट ऑफ, गिव्ह इन यांना लॅटिनची किल्ली लागत नाही. ते ऐकून, बोलून, चुकूनच येतात. मी मुलांना सांगतो, पेपरातला अग्रलेख वाचायचा तर उपसर्ग शिका, आणि गप्पा मारायच्या तर गप्पाच मारा.

सरावासाठी मी एकच करतो. आठवड्याला एक धातू, जास्त नाही. मुलांनी आपल्या आजूबाजूच्या पाट्या, खोकी, बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या यांतून त्याची भावंडं शोधून आणायची, आणि प्रत्येकाशेजारी त्याच बांधणीचा मराठी शब्द मिळतो का ते बघायचं. आधी अंदाज, मग शब्दकोश. अंदाज चुकला तर जास्त चांगलं, तो शब्द जन्मभर लक्षात राहतो.

गेल्या आठवड्यात ‘व्हिदेरे’ होता, बघणे, आपल्या ‘विद्’चा भाऊ. ती मुलगी सुपरवायझर घेऊन आली. सुपर म्हणजे वरून, म्हणून वरून बघणारा. मराठीत पर्यवेक्षक: परि म्हणजे सगळीकडून, म्हणून चहूबाजूंनी बघणारा. मग तिनेच विचारलं, आमच्या शेडमध्ये तर त्याला मुकादम म्हणतात, तो कुठला? मी सांगितलं, अरबी. अर्थ पुढे ठेवलेला, सगळ्यांच्या पुढे उभा असणारा.

तिनं खिडकीतून खाली बघितलं. "एक वरून बघतो, एक चहूबाजूंनी, एक पुढे उभा राहतो," ती म्हणाली. "आमचा तर टपरीवर चहा पितोय."